वाघ-बकरीला नियमांची वही हवी

मराठी माणसाने आपल्या मैदानी खेळांना नियमांचे पुस्तक दिले आणि बैठ्या खेळांना मात्र पारावर सोडून दिले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम ठरवले. हुतूतूची कबड्डी झाली, तिच्या मैदानाची मापे आखली गेली, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हा खेळ तिथे खेळून दाखवला. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व मराठी खेळाडूंकडे होते : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मातीत रेघ ओढून खेळला जाणारा खेळ शंभर-सव्वाशे वर्षांत इथवर आला, कारण कुणीतरी बसून नियम लिहिले, वाद मिटवले, पंच तयार केले आणि स्पर्धा भरवल्या. वाघ-बकरी, नवकंकरी या खड्यांच्या खेळांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ते तितकेच जुने आहेत, तितकेच आपले आहेत आणि कसाला लावले तर तितकेच कठीणही आहेत. हे राहिलेले काम परभणी जिल्ह्याने हाती घ्यावे, असे मला वाटते. त्यासाठी मी ज्याची साक्ष काढणार आहे तो खेळ आपल्याकडचा नाही. तो जपानचा गो आहे.

गो हा जपानचा खेळ म्हणून जग ओळखत असले तरी तो जन्मला चीनमध्ये, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. कोरियातही तो शतकानुशतके खेळला जातो. पट लाकडाचा, त्यावर उभ्या एकोणीस आणि आडव्या एकोणीस रेघा, म्हणजे रेघा एकमेकींना छेदतात अशा ३६१ जागा. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. जपानमध्ये उत्तम प्रतीचे काळे खडे नाचीच्या पाटीच्या दगडातून घडवतात आणि पांढरे खडे ह्यूगाच्या किनाऱ्यावरच्या जाड शिंपल्यांतून. खडा घरात ठेवायचा नाही, रेघांच्या छेदावर ठेवायचा आणि एकदा ठेवला की तो हलवायचा नाही. शत्रूच्या खड्याभोवतीच्या सगळ्या मोकळ्या जागा आपण व्यापल्या की तो उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त मोकळी जागा वेढली तो जिंकला. राजा नाही, वजीर नाही, हत्ती-घोडे नाहीत, सगळे खडे सारखे. एकट्या खड्यात काहीच बळ नसते, ते शेजारच्या खड्यामुळे येते. नियम एका पानात मावतात आणि खेळ आयुष्यभर पुरतो. २०१६ साली सेऊलमध्ये अल्फागो या संगणकप्रणालीने कोरियाच्या ली सेडोलला ४-१ असे हरवले, तेव्हा जगाने या खेळाकडे नव्याने पाहिले. तोवर जाणकारही, संगणकाला हे जमायला अजून बरीच वर्षे लागतील, असे सांगत होते.

माझ्या मुद्द्यासाठी मात्र गो किती अवघड आहे यापेक्षा जपानने तो कसा सांभाळला हे महत्त्वाचे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी क्योतोच्या जाक्कोजी मंदिरातला भिक्षू होनइन्बो सान्सा हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू होता. तोकुगावा राजवटीने त्याला आणि त्याच्या बरोबरीच्या खेळाडूंना तनखे बांधून दिले. त्यातून होनइन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी ही चार घराणी उभी राहिली. आपल्या संगीतातल्या घराण्यांसारखीच ती गुरुशिष्यपरंपरेने चालत. तोकुगावा शोगुनच्या किल्ल्यात त्यांचे सामने होत आणि त्यांतली प्रत्येक चाल टिपून ठेवली जाई. सतराव्या शतकातल्या होनइन्बो दोसाकूच्या काळात खेळाडूंच्या श्रेणी पक्क्या झाल्या, म्हणजे कोण कितव्या पायरीवर आहे आणि वरच्याशी खेळताना खालच्याला किती सवलत द्यायची, हे ठरून गेले. पुढे १८६८ मध्ये राजवट कोसळली, तनखे बंद झाले आणि घराण्यांवर उपासमारीची पाळी आली. खेळ तिथेच संपायचा. तो संपला नाही, कारण वर्तमानपत्रे पुढे आली. त्यांनी डाव छापायला सुरुवात केली, वाचकांना त्यांची गोडी लागली आणि खेळाडूंना मानधन मिळू लागले. १९२४ मध्ये फुटकळ गट एकत्र येऊन निहोन की-इन ही संस्था स्थापन झाली. होनइन्बो हे घराण्याचे नाव शेवटच्या वारसाने, शूसाईने, संस्थेच्या स्वाधीन केले आणि ते स्पर्धेतून मिळवायचे पद झाले. त्या स्पर्धेचा भार माइनिची वृत्तपत्राने उचलला. आजही तिथल्या मोठ्या पदांमागे योमिउरी, असाही, माइनिची अशी वर्तमानपत्रेच उभी आहेत.

या शूसाईचा निरोपाचा सामना १९३८ मध्ये झाला. प्रतिस्पर्धी होता तरुण किटानी मिनोरू. सामना जूनमध्ये सुरू झाला, मध्ये वृद्ध शूसाईच्या आजारपणामुळे थांबला आणि डिसेंबरात संपला. किटानी पाच गुणांनी जिंकला. सहा महिने चाललेल्या या एका डावाचे वृत्तांत वर्तमानपत्रासाठी लिहीत होते यासुनारी कावाबाता, ज्यांना पुढे १९६८ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. याच वृत्तांतांतून त्यांची कादंबरी आकाराला आली. आपल्या भाषेतला पहिल्या प्रतीचा लेखक सहा महिने एका पटाजवळ बसवावा असे एखाद्या वर्तमानपत्राला वाटते आणि वाचक ते रोज वाचतात, ही त्या समाजाने खेळाला दिलेली किंमत आहे. आणखी एक उदाहरण. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाच्या उपनगरात, इत्सुकाइची इथे, होनइन्बो पदासाठीचा डाव चालू होता. बॉम्ब पडला, हादऱ्याने खोलीची नासधूस झाली, खडे उधळले. हाशिमोतो उतारो आणि इवामोतो काओरू यांनी खडे पुन्हा जसेच्या तसे मांडले आणि त्याच दिवशी डाव पुरा केला. याला कुणी हट्ट म्हणेल, कुणी वेडही म्हणेल. पण पटावरची स्थिती जशीच्या तशी आठवणे हे ज्या परंपरेत प्रत्येक चाल लिहून ठेवायची शिस्त मुरलेली असते, तिथेच शक्य होते. त्या शहरातल्या मृत्यूंपुढे एका डावाची काय मातब्बरी, हे मान्य करूनही मला ही शिस्त मोठी वाटते. इवामोतोने पुढचे आयुष्य हा खेळ परदेशांत नेण्यात घालवले.

आता आपल्याकडे पाहू. खेळाच्या प्राचीनतेत आपण कुठेही कमी नाही. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट मांडून बसल्याचे शिल्प आहे. महाराष्ट्रात लेण्यांच्या, किल्ल्यांच्या, जुन्या मंदिरांच्या फरशांवर कोरलेले पट सापडतात. त्यांतले काही इतके झिजले आहेत की सूर्य कलल्यावर तिरप्या उजेडातच त्यांच्या रेघा दिसतात. लिहून ठेवणाराही आपल्याकडे होता, आणि तो मराठवाड्यातलाच. तेव्हाच्या औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ हा बैठ्या खेळांवरचा ग्रंथ रचला. बुद्धिबळाच्या इतिहासकारांनी त्याची दखल घेतलेली आहे. पण तो संस्कृतात होता, आणि पारावर खडे मांडणाऱ्या गुराख्यापर्यंत किंवा ओसरीवर बसलेल्या बाईपर्यंत तो पोचण्याचा रस्ता नव्हता. जपानात ग्रंथ, गुरू, स्पर्धा आणि वर्तमानपत्र एकाच साखळीत आले. आपल्याकडे ग्रंथ एका बाजूला राहिला आणि खेळणारे दुसऱ्या बाजूला. म्हणून मला ‘आमचा खेळ हजार वर्षांचा’ हा अभिमान अपुरा वाटतो. हजार वर्षे खेळलेल्या खेळातला एकही डाव आज आपल्यापाशी लिहिलेला नसेल, तर नव्या पिढीने शिकायचे कुठून? गेल्या पिढीतल्या एखाद्या आजीला बकऱ्या वाचवण्याची जी युक्ती साधली होती, ती तिच्याबरोबर गेली.

वाघ-बकरी (कुठे वाघ-शेळीही म्हणतात) हा पोरखेळ नाही, हे दाखवण्यासाठी पटच समोर घेऊ. रूपे बरीच आहेत. त्यांतले चौकोनी रूप असे : पाच उभ्या रेघा, पाच आडव्या, मध्ये तिरप्या, एकूण पंचवीस जागा. चार कोपऱ्यांत चार वाघ. दुसऱ्याच्या हातात वीस बकऱ्या, त्या एकेक करून मांडायच्या. सगळ्या मांडून होईपर्यंत मांडलेली बकरी हलवता येत नाही. वाघ मात्र प्रत्येक बकरीमागे एक चाल चालतो आणि शेजारच्या बकरीवरून उडी मारून सरळ रेषेत पलीकडची जागा मोकळी असेल तर ती बकरी खातो. बकरी कुणालाच मारत नाही. चारही वाघ हलू शकणार नाहीत असे कोंडले की बकऱ्या जिंकल्या. आता उभ्या रेघांना क, ख, ग, घ, च अशी नावे देऊ आणि आडव्यांना १ ते ५. पहिली बकरी ख१ वर ठेवली, म्हणजे कोपऱ्यातल्या वाघाच्या अगदी शेजारी, तर क१ चा वाघ लगेच तिच्यावरून ग१ वर जाईल, बकरी गेली. तीच ग१ वर, म्हणजे कडेच्या मधोमध ठेवली, तर तिला फक्त कडेच्याच रेषेत धोका उरतो, कारण बाकी कुठल्याही दिशेने उडी मारली तर वाघ पटाबाहेर पडेल. वाघ क१ वरून ख१ वर येऊन तिला धमकावतो. आपण दुसरी बकरी घ१ वर ठेवतो. आता ख१ चा वाघ ग१ वरून उडी मारू शकत नाही, पुढची जागा भरली आहे. च१ चा वाघ घ१ वरून उडी मारू शकत नाही, त्याच्याही पुढची जागा भरलेली आहे. दोन्ही बाजूंना वाघ, मध्ये दोन बकऱ्या, आणि दोघी सुरक्षित! गोच्या खेळाडूला हे लगेच ओळखू येईल. तिथेही आधी कोपरे, मग कडा आणि शेवटी मधला भाग असा क्रम शिकवतात, कारण मधल्या खड्याला चारी बाजूंनी सांभाळावे लागते आणि कडेच्या खड्याला तीनच बाजूंनी. तिथेही जोडलेले खडे जगतात आणि सुटे मरतात. दोन देशांतले दोन खेळ, त्यांचा एकमेकांशी संबंध असल्याचा पुरावा नाही. तरी रेघांच्या छेदावर खडा ठेवून वेढा घालण्याची ही बुद्धी दोघांत सारखी आहे. शिवाय वाघ-बकरीत दोन्ही बाजू असमान असतात, हे त्याचे स्वतःचे वैशिष्ट्य. एक डाव वाघाच्या बाजूने खेळायचा, दुसरा बकरीच्या. दुबळ्याच्या बाजूने बसून विचार करायला लावणारे खेळ जगात फार नाहीत.

हा खेळ एकतर्फी असेल, बकऱ्या नीट खेळल्या की नेहमी त्याच जिंकत असतील, अशी शंका येऊ शकते. ती तपासून झाली आहे. याच चार वाघ, वीस बकऱ्यांच्या पटावर, पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला असे धरून, नेपाळमध्ये ‘बाघचाल’ खेळला जातो. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचा संपूर्ण हिशेब मांडला आणि दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो असे सिद्ध केले. हे सिद्ध करायला शक्तिमान संगणकांना दीर्घकाळ राबावे लागले, यावरूनच खेळाची खोली कळते. तीन चौकटी एकात एक आणि चोवीस जागा असलेल्या नवकंकरीचेही तेच. युरोपात हा खेळ वेगळ्या नावाने चालतो आणि राल्फ गॅसरने १९९३ साली तोही बरोबरीचा असल्याचे दाखवले. मग ज्याचे उत्तर संगणकाला ठाऊक आहे, तो खेळ खेळून काय मिळवायचे, असे कुणी विचारील. उत्तर संगणकाला ठाऊक आहे, माणसाला ते पाठ करणे अशक्य आहे. दोन माणसे समोरासमोर बसली की चूक कोण आधी करतो यावरच डाव ठरतो. अल्फागोनंतर गो खेळणे थांबले नाही, उलट व्यावसायिक खेळाडू यंत्राच्या चाली अभ्यासून आपला खेळ सुधारू लागले.

पट म्हटला की आपल्याकडे घरच्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात, हा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. त्यामागे कारण आहे. आपल्या स्मृतीत पट फाशांबरोबर येतो आणि फासे द्यूताबरोबर. महाभारत तर सर्वांना ठाऊकच आहे. पण मराठीतल्या आद्य गद्यग्रंथात, ‘लीळाचरित्रा’तही, चक्रधर पूर्वायुष्यात हरिपाळदेव असताना जुगारात हरले आणि देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसांनी दागिने द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या मनाला विरक्ती आली, अशी हकिकत आहे. म्हणजे पटाविषयीचे भय सातशे वर्षांचे आहे आणि ते निराधार नाही. पण वाघ-बकरी, नवकंकरी आणि गो या तिन्हींत फासे नाहीत, कवड्या नाहीत, नशिबाला जागाच नाही. समोर जे आहे ते दोघांनाही सारखेच दिसते. जुगार जिथे पाय रोवतो ती अनिश्चितता इथे नसते. उलट आजच्या मुलांपुढचा जुगार मोबाइलमध्ये आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. पण बंदीने एक जागा रिकामी केली आहे. मुलाच्या बुद्धीला झुंज हवी असते, जिंकण्याची चव हवी असते, आणि ती त्याला दुसरीकडे मिळाली नाही तर तो पळवाट शोधेल. ओसरीवर आखलेला पंचवीस जागांचा पट ही झुंज फुकट देतो.

बुद्धिबळ असताना हे कशाला, असेही म्हटले जाईल, आणि हा प्रश्न रास्त आहे. बुद्धिबळाला जागतिक मानांकन आहे, शिष्यवृत्त्या आहेत, नोकऱ्यांत राखीव जागा आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. नाशिकच्या विदित गुजराथीचे नाव जगभर आहे. पण बुद्धिबळाला महाराष्ट्रात हे बळ आले कुठून? सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावी भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या, म्हणून. मोठे शहर लागले नाही, सरकारी खजिना लागला नाही. एक चिवट माणूस, एक संस्था आणि तारखा ठरलेल्या स्पर्धा एवढेच लागले. सांगलीने बुद्धिबळासाठी जे केले ते परभणीने खड्यांच्या खेळांसाठी करावे, एवढीच माझी मागणी आहे. त्यातून बुद्धिबळाचे काही जात नाही. वाघ-बकरीत मुलाला पुढच्या तीन चाली पाहण्याची सवय लागली, तर ते बुद्धिबळाच्या पटावरही चांगलेच बसेल. गो थेट का शिकवू नये, तर तोही जरूर शिकवावा. नऊ रेघांच्या छोट्या पटावर तो अर्ध्या तासात खेळून होतो. मात्र घरातल्या आजी-आजोबांना जो खेळ येतो त्यापासून सुरुवात केली, तर शिक्षक शोधायला गावाबाहेर जावे लागत नाही.

नियम ठरवले तर गावोगावचे वेगळेपण मरेल, हा आक्षेप लोकसंस्कृतीचे अभ्यासक घेतात आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. कुठे तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या, कुठे त्रिकोणी पट, कुठे वाघाला एका चालीत दोन उड्या. ही विविधता हीच त्या खेळाची श्रीमंती आहे, ती एका छापील पानात कोंबू नये, असे त्यांचे म्हणणे. पण न लिहिल्याने ही विविधता वाचलेली नाही, लिहिणारा नव्हता म्हणून ती गळत गेली. म्हणून आधी सगळे प्रकार गावाच्या आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी टिपावेत आणि मग त्यांतला एक स्पर्धेसाठी निवडावा. खो-खोचे नियम ठरले म्हणून गल्लीतला खो-खो थांबला नाही. गोमध्येही आजवर गुण मोजण्याच्या जपानी आणि चिनी अशा दोन पद्धती नांदतात आणि खेळाचे त्यावाचून काही अडलेले नाही. एक नियम सगळ्यांना माहीत असला तरच पाथरीचा मुलगा आणि पालमची मुलगी एकमेकांसमोर बसू शकतील.

यावर शेवटचे आणि खरे तर सर्वांत बोचणारे म्हणणे असे की, जिथे पावसाच्या लहरीवर कापूस आणि सोयाबीन अवलंबून आहे, पोरे पदव्या घेऊन पुण्याच्या गाड्या पकडतात, तिथे खड्यांची चिंता कशाला करायची. हे म्हणणे मी हलके लेखत नाही. पण या कामासाठी शेतीच्या निधीतला एक रुपयाही वळवावा लागत नाही. चिंचोके, गोदावरीच्या वाळवंटातले गोटे, खडू किंवा कोळसा, एवढे साहित्य. ज्या शाळेला मैदान नाही, ज्या शाळेत पावसाळ्यात मैदान चिखल होते, ज्या मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोचावे लागते, ज्या मुलाला पायाच्या अधूपणामुळे कबड्डीतून बाजूला बसवले जाते, त्यांना खेळाच्या तासाला हा पट हक्काची जागा देतो. आणि संकटाच्या काळात संस्था उभारू नयेत हे इतिहासाला धरून नाही. १९२३ मध्ये तोक्यो भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. निहोन की-इन स्थापन झाली ती पुढच्याच वर्षी.

परभणी जिल्ह्याला या कामासाठी लागणारी ठिकाणे आणि सवयी दोन्ही आहेत. जिंतूर तालुक्यातले चारठाणा, गंगाखेड तालुक्यातले धारासूर ही यादवकालीन दगडी मंदिरांची गावे. तिथल्या सभामंडपांच्या आणि ओट्यांच्या फरशा इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एकदा नजरेखालून घालाव्यात. जो पट सापडेल त्याचे माप आणि छायाचित्र घ्यावे, त्यावर रंग किंवा खडू मात्र फिरवू नये. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून पुन्हा उजेडात आणली. हाताने आणि एकीने हरवलेले परत मिळवण्याचा अनुभव या जिल्ह्यापाशी आहे. खेळाच्या बाबतीत गाळ थोडा निराळा आहे, तो विस्मरणाचा आहे, आणि तो उपसायला साठी ओलांडलेल्या माणसांशी बोलावे लागेल. शाळांनी दिवाळीच्या सुटीत प्रत्येक मुलाला एकच गृहपाठ द्यावा : घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर माणसाकडून एक खड्यांचा खेळ शिकायचा, त्याचा पट वहीत काढायचा आणि नियम त्यांच्याच शब्दांत लिहायचे. नऊ तालुक्यांतून अशा वह्या जमल्या की शिक्षक, जुने खेळाडू आणि बुद्धिबळाचे पंच यांनी एकत्र बसून स्पर्धेचा पट, बकऱ्यांची संख्या, किती बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला, तीच स्थिती पुन्हा पुन्हा आली तर काय करायचे आणि एका चालीला किती वेळ, हे ठरवावे. यातला पुन्हापुन्हाचा नियम विसरू नये. वाघ आणि बकरी मागे-पुढे करत राहिले की डाव संपतच नाही आणि पारावरची बहुतेक भांडणे तिथेच होतात.

पहिली स्पर्धा फेब्रुवारीत परभणीच्या तुराबुल हक्क दर्ग्याच्या उरुसात भरवावी. तिथे सर्व धर्मांची माणसे येतात, खेड्यापाड्यांतून येतात आणि बसायला सावली मिळेल तिथे बसतात. दुसरी पोखर्णीच्या नृसिंहाच्या यात्रेत. प्रत्येक खेळाडूने एक डाव वाघाचा आणि एक बकऱ्यांचा खेळावा आणि दोन्हींची बेरीज धरावी, म्हणजे बाजू कुणाच्या वाट्याला आली याची तक्रार उरणार नाही. प्रत्येक पटाशेजारी नववी-दहावीतला एक विद्यार्थी वही घेऊन बसेल आणि ग१, घ१ अशा खुणांनी प्रत्येक चाल टिपून घेईल. मुलांना हे काम एका दुपारीत शिकवता येते. त्यातला एक चांगला डाव जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांनी दर रविवारी आकृतीसह छापावा, खाली एक कोडे द्यावे : बकऱ्यांची पाळी आहे, तीन चालींत एक वाघ कोंडा. उत्तर पुढच्या रविवारी, बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांच्या गावांच्या नावांसह. जपानी वर्तमानपत्रांनी नेमके हेच केले होते. १९९८ मध्ये तिथल्या एका मुलांच्या साप्ताहिकात गो या खेळावरची ‘हिकारू नो गो’ ही चित्रमालिका सुरू झाली, तेव्हाही नव्या पिढीला पटाकडे ओढून नेले ते छापील पानानेच. मराठी वर्तमानपत्रांत शब्दकोडे आणि सुडोकू यांना जागा आहे. त्याच पानावर पंचवीस जागांची एक आकृती मावते आणि ती पाठवायला तयार असलेले शिक्षक या जिल्ह्यात सापडतील. पहिल्या वर्षाचे सगळे लिहिलेले डाव, चुकांसकट, एका पुस्तिकेत बांधून जिल्हा ग्रंथालयात आणि प्रत्येक तालुक्याच्या एका शाळेत ठेवावेत. त्यात नाव कुणाचेही असो, शेतमजुराचे, शिक्षिकेचे, पाचवीतल्या मुलीचे, ते पटाच्या वर छापावे, आणि वाघ कोणी खेळला, बकऱ्या कोणी, हेही.